फिट येतात हे लोकांना कसं सांगायचं

फिट येणारे बरेच जण घराबाहेर कोणाला सांगतच नाहीत आणि मग लोकांना कळतं ते थेट ऑफिसात सगळ्यांसमोर पडल्यावर, तेव्हा एक जण चप्पल हुंगवतो, दुसरा कांदा फोडतो, तिसरा दातांत चमचा घालतो. म्हणून आधीच सांगून ठेवा, पण सगळ्यांना सगळं नाही.

शेजारी बसणाऱ्याला चहाच्या वेळी सांगून टाकायचं, बाजूला नेऊन गंभीर चेहऱ्याने सांगितलं की समोरचा उगाच घाबरतो. मी एवढंच म्हणते, "मला कधीकधी फिट येते, गोळ्या चालू आहेत. आली तर कुशीवर वळव, डोक्याखाली ओढणी-बिढणी ठेव, तोंडात पाणीसुद्धा घालू नको, हातपाय दाबून धरू नको आणि घड्याळ बघ, पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन लाव." घड्याळाचं मुद्दाम सांगा हं, बघणाऱ्याला एक मिनिटसुद्धा अर्ध्या तासासारखं वाटतं.

तुमची फिट दिसते कशी, तेही सांगा. सगळेच काही खाली पडून हातपाय झाडत नाहीत. माझ्या पोटातून आधी काहीतरी वर चढतं, मग नजर एकीकडे लागते, मी ओढणीचा काठ चोळत बसते आणि हाक मारली तरी ओ देत नाही, लोकांना वाटतं भाव खाते! नंतर थोडा वेळ साधं काय विचारलं तरी धड सांगता येत नाही, तेव्हा प्रश्नांचा भडिमार नको, नुसतं जवळ बसा म्हणावं.

आता लग्नाचं. "लग्न झालं की आपोआप जातं" म्हणणाऱ्या मावश्यांचं ऐकू नका. हिंदू विवाह कायद्यातली फिटची आडकाठी १९९९ साली काढून टाकलीये, त्यामुळे कायदा आड येत नाही, लपवाछपवी मात्र नंतर फार महागात पडते. सुपारी फुटायच्या आधी मुलाला किंवा मुलीला स्वतः सांगा, मध्यस्थाच्या तोंडून नको. जमलं तर डॉक्टरकडे सोबत घेऊन जा, त्याचे सगळे प्रश्न तिथेच मिटतात. व्हॅल्प्रोएट नावाची फिटवरची गोळी चालू असलेल्या मुलींनी मूल व्हायचा विचार करायच्या आधीच न्यूरोलॉजिस्टशी बोलायचं, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

सासरी गेल्यावर हरतालिका येतेच, निर्जळी उपवास, वर रात्रभर जागरण. झोप बुडली आणि गोळी चुकली की फिट यायला तेवढं पुरतं. सासूबाईंशी वाद घालत बसू नका, "डॉक्टरांनी गोळी आणि झोप चुकवायची नाही असं बजावलंय" म्हणा, डॉक्टरचं नाव घेतलं की निम्मं काम होतं.

अजून एक, फिट आली तर मोबाईलवर शूट करायला विश्वासातल्या एकाला सांगून ठेवा, कारण आपल्याला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही आणि डॉक्टरला त्या व्हिडिओचा फार उपयोग होतो. फक्त तो फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही, हे आधीच दम देऊन सांगा.