काकांचा कॉम्प्युटर लिनक्सवर नेताना

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. शेजारच्या काकांचा पीसी २०१४ चा, विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. मी उत्साहाने लिनक्स मिंट सुचवलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. काका म्हणाले, "बाळा, आहे तेच राहू दे." वयामुळे म्हणतात असं मला वाटलं. ते चूक होतं.

म्हणून पहिलं काम हे करा: मिंटचा पेन ड्राइव्ह खिशातच ठेवा आणि तासभर त्यांच्या शेजारी बसा. काका सोसायटीचं इतिवृत्त टाइप करत होते. हात टाइपरायटरवर घडलेला, रेमिंग्टन मांडणीचा. त्यात इंग्रजी 'डी'च्या कळीवर क, 'के'च्या कळीवर काना. इनस्क्रिप्ट या कॉम्प्युटरवरच्या प्रमाण मांडणीत 'डी'वर हलन्त (पाय मोडायची खूण) आणि 'के'वर क. म्हणजे नुसतं 'का' लिहायला गेलं तरी आधी सुटा हलन्त आणि मग क उमटणार. चाळीस वर्षांची बोटं आहेत ती, त्यांना आडमुठी म्हणू नका. मिंटमध्ये आयबस आणि एम-१७-एन हे टायपिंगचे प्रोग्राम घातले की रेमिंग्टन मांडणी मिळते. ती आधी बसवा, मगच त्यांना खुर्चीत बसवा.

दुसरी अडचण जुन्या फाइलींची. कृतिदेवसारख्या फाँटमधला मजकूर तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. लागणाऱ्या फाइली विंडोज चालू असतानाच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. कन्व्हर्टर जोडाक्षरं, रफार चुकवतो, तेव्हा प्रत्येक पान वाचून बघा. आम्हाला चार रविवार लागले.

त्याच महिन्यात विंडोजवरच लिबरऑफिस (लिहिण्याचा, हिशेबाचा मोफत संच) आणि फायरफॉक्स ब्राउझर वापरायला द्या. पुढे तीच खिडकी, तेच मेनू भेटतात, परकं वाटत नाही. मग पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून प्रिंटर, स्कॅनर, आवाज तपासा. असं चालवलं की ते संथ चालतं, हे आधीच सांगा.

ज्यांचं पोट टॅलीवर किंवा एखाद्या ठरावीक विंडोज प्रोग्रामवर आहे, त्यांना मात्र या भानगडीत पाडू नका. त्यांचा नकार रास्त आहे.

मिंट नव्या एसएसडी डिस्कवर टाका, जुनी डिस्क पुसू नका. काकांची डिस्क मी काढून, वर तारीख लिहून त्यांच्याच कपाटात ठेवली. ती तिथे आहे हे कळल्यावरच ते "बरं, कर सुरू" म्हणाले.