हांकोला शिडाच्या बोटीने जाताय? मग या चुका टाळा

कोकणात ज्याने बोट चालवलीय त्याला हांकोच्या धक्क्यावर पहिल्यांदा काय जाणवतं माहितीये? ओहोटीच नाही. सकाळी बांधलेली बोट संध्याकाळी पण तिथेच तशीच, दोर ना ताणलेला ना सैल. मुंबईत चार-पाच मीटर पाणी वर-खाली होताना बघितलेल्या माणसाला हे तळं वाटतं, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. हांको म्हणजे फिनलंडचं सगळ्यात दक्षिणेकडचं गाव, वस्ती आठ हजारांच्या आसपास, १८७४ साली वसलेलं, समुद्रात घुसलेल्या लांब दांड्याच्या टोकावर. हेलसिंकीहून साधारण ७० सागरी मैल, आरामात जायचं तर दोन दिवस. मी या वाटेने बऱ्याचदा गेलोय आणि आपली बरीच मंडळी आता इथे बोट भाड्याने घेऊन जायला लागलीत, म्हणून जे स्वतः भोगलंय आणि बघितलंय ते लिहितोय.

तर पहिली चूक, भरती-ओहोटी नाही म्हणून पाण्याची पातळी बघायचीच नाही. अहो पातळी बदलते, पण चंद्रामुळे नाही, वारा आणि हवेच्या दाबामुळे. दाब एक हेक्टोपास्कल वाढला की पाणी साधारण एक सेंटीमीटर खाली बसतं, आणि चार दिवस पूर्वेचा वारा वाहिला की फिनलंडच्या आखातातलं पाणी बाहेर ढकललं जातं, दोन्ही एकदम झालं तर अर्धा मीटर कधी गेला कळत पण नाही. हांकोत पाण्याची पातळी १८८७ पासून मोजतात आणि आजचा आकडा फिनिश हवामान संस्थेकडे लाइव्ह दिसतो, तो सकाळी चहा घेताना बघायचाच.

त्याला जोडूनच नकाशाची भानगड. फिनिश चार्टवर जलमार्गाच्या रेषेवर २.४ असा आकडा दिसला की लोक समजतात खोली २.४ मीटर. तसं नाहीये, तो त्या मार्गासाठी ठरवलेला बोटीचा ड्राफ्ट (बोट पाण्याखाली किती खोल जाते ते) असतो, खाली त्याहून जास्त पाणी धरलेलं असतं. पण ते सगळं चार्टच्या शून्य पातळीपासून, आणि जुन्या-नव्या चार्टची शून्य पातळी एक नाही, आता हळूहळू एन२००० या नव्या शून्य पातळीवर नेतायत, त्यामुळे आपला चार्ट कुठला ते कोपऱ्यात वाचून घ्या. आणि रेषा सोडून शॉर्टकट मारू नका प्लीज. इथले खडक आपल्या खडपासारखे ओहोटीला डोकं वर काढून दाखवत नाहीत, ते वर्षभर एक-दीड मीटर पाण्याखाली गप्प बसलेले असतात.

लाल-हिरव्या बोयांचा मात्र त्रास नाही, भारतासारखंच, बंदरात शिरताना लाल डावीकडे. गोंधळ होतो तो पिवळ्या-काळ्या खांबांचा कारण वरचे त्रिकोण बऱ्याचदा नसतातच, नुसते रंग ओळखावे लागतात: वर काळा खाली पिवळा म्हणजे उत्तर, त्याच्या उत्तरेकडून जा. वर पिवळा खाली काळा म्हणजे दक्षिण. मधे पिवळा पट्टा पूर्व, मधे काळा पट्टा पश्चिम. कागदावर काढून सुकाणूजवळ चिकटवा, उन्हाच्या तिरिपेत आठवत बसायला वेळ नसतो.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. हेलसिंकीहून येताना वाटेत युसारो नावाचं बेट लागतं, तिथे खाली लोखंडाचा खनिजसाठा आहे, साठच्या दशकात खाणसुद्धा होती, आणि त्याच्या आसपास होकायंत्र चक्क भरकटतं. पहिल्या वेळी मी सुई हलताना बघून कंपास बिघडला म्हणून खोलायला बसलो होतो. कंपासला काही झालेलं नसतं, पुढे गेलं की आपोआप ठीक होतो. एरवी म्हणाल जीपीएस आहे की, पण २०२४ पासून फिनलंडच्या आखातात जीपीएसमध्ये अडथळे यायला लागलेत, प्लॉटरवर (जीपीएसच्या नकाशा-पडद्यावर) बोट अचानक भलतीकडे दाखवते. तेव्हा या पट्ट्यात कागदी चार्ट उघडा ठेवा आणि एक जण डोळ्यांनी बोये मोजत बसू दे, एकामागून एक, नंबर वाचत.

आणि आता सगळ्यात मोठी डोकेदुखी, बोट बांधणं. इथे नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, धक्क्याकडे करून शिरायचं आणि मागचा दोर पाण्यातल्या बोयाला अडकवायचा. भूमध्य समुद्रात शिकलेले लोक उलटे आत यायला बघतात, पण धक्क्याखाली दगड असू शकतात, सुकाणू त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं.

माझी १० मीटरची बोट होती, वारा डावीकडून आडवा. बोयाच्या कडीत लांब दांड्याचा हुक लावला, 'कट' आवाज आला, सगळं बरोबर वाटलं. पण भाड्याच्या बोटीवरचा मागचा दोर होता १२ मीटरचा. नाळ धक्क्यापासून तीन मीटरवर आणि दोर संपला! बोट तिथेच लटकली, वाऱ्याने नाळ उजवीकडे फिरवली, आणि आम्ही शेजाऱ्याच्या रेलिंगवर आडवे. तिथल्या आजोबांनी एक शब्द न बोलता मधे फेंडर (बोटी घासू नयेत म्हणून लावायची फुगीर उशी) सरकवला, आजींनी आमचा पुढचा दोर मागून घेतला आणि धक्क्यावर जाऊन कडीत ओवला. त्या दोघांची आठवण आजही येते.

म्हणून सांगतो, निघण्याआधी मागचा दोर मोजा, २० मीटरच्या खाली नको, २५ असेल तर उत्तम. हुक बोटीवर आहे का ते बघा, नसेल तर मागून घ्या. वारा आडवा असेल तर वाऱ्याच्या बाजूचा बोया पकडा. दोर क्लीटला (बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) एक वेढा घालून हातातून सोडत राहायचा, गाठ मारायची नाही. बोयाजवळून जाताना इंजिन न्यूट्रल, नाहीतर दोर पंख्यात गेलाच समजा. गेलाच तर लगेच इंजिन बंद, रिव्हर्स टाकून सोडवायला जाऊ नका, जास्त घट्ट बसतो. पुढच्या माणसाने धक्क्यावर उडी मारायची नाही, पाऊल टाकण्याइतकं अंतर होईपर्यंत थांबायचं. जमलं नाही तर बाहेर पडून परत या, कुणी हसत नाही.

वेळेचं पण बघा. जूनच्या शेवटी युहानुस या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला दुकानं लवकर बंद होतात, दूध-ब्रेड आधीच भरा. जुलैच्या सुरुवातीला रेगाटा (शिडाच्या बोटींची शर्यत) असते तेव्हा जागा मिळणं कठीण. तेव्हा रात्री अकराच्या सुमारास पण उजेड असतो त्यामुळे थकवा लक्षात येत नाही, घड्याळ बघून थांबा. पश्चिमेचा वारा बरेच दिवस चालला तर खालचं थंड पाणी वर येतं आणि कालचं २० अंशांचं पाणी आज १० च्या खाली, मुलांना पोहायला सोडण्याआधी हात घालून बघा. अडचण आलीच तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६ किंवा फोनवर ११२.

टॉयलेटचा विषय मात्र मी सोडणार नाही. होल्डिंग टँक, म्हणजे टॉयलेटची मैला साठवायची टाकी, समुद्रात रिकामी करणं फिनलंडच्या हद्दीत बेकायदा आहे, ती उपसून घेणाऱ्या पंपआउटवर जायचं. हा बाल्टिक समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे, डेन्मार्कजवळच्या अरुंद वाटांमधूनच काय ते ताजं पाणी येतं, सगळं बदलायला साधारण ३० वर्षं लागतात. म्हणजे आज जे टाकाल ते तुमची मुलं मोठी होईपर्यंत इथेच. त्याच्याच खतावर जुलै-ऑगस्टमध्ये निळं-हिरवं शेवाळ येतं, ते विषारी असू शकतं, खास करून लहान मुलं आणि कुत्र्यांसाठी. शंका आली तर पाण्यात काठी घालून उचला, काठीला लोंबकळलं तर साधं शेवाळ, कण विखुरले तर तेच विषारी असण्याची शक्यता. ते पाणी उकळून पण सुरक्षित होत नाही, सौनाच्या (फिनिश वाफेच्या न्हाणीघराच्या) तापलेल्या दगडांवर सुद्धा टाकू नका.

आणि हांकोत येऊन हाऊएनसुओली न बघता परत जाऊ नका, बंदराजवळच्या बेटांमधली चिंचोळी वाट, नकाशावर स्वीडिश नाव येड्तार्मेन असेल तर तीच ही, दोन नावांमुळे लोक शोधत बसतात. वारा फिरायची वाट बघत थांबलेल्या खलाशांनी आणि सरदारांनी शेकडो वर्षांपूर्वी खडकांवर नावं आणि कुळचिन्हं कोरलीत, ६०० च्या वर. बरेच जण बुटांसकट त्यांच्यावरूनच चालत जातात, तसं नका करू, बाजूने जा. दुपारी रेषा नीट दिसत नाहीत, संध्याकाळी ऊन तिरपं झालं की एकेक अक्षर वर येतं, तेव्हा जा.