समन्स न मिळताच एकतर्फी हुकूमनामा झाला? तो रद्द कसा करून घ्यावा

गावच्या घराला कुलूप आणि तुम्ही नोकरीला चाकणला. बेलीफ दाराला समन्स डकवून जातो, पावसात कागद गळून पडतो. दीड वर्षानं तलाठ्याची फेरफाराची नोटीस येते, तेव्हा कळतं की आपल्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आपली बाजू न ऐकताच दिलेला न्यायालयाचा निकाल, होऊन बसलाय. हात-पाय गळतात, पण वाट बंद झालेली नसते. समन्सची रीतसर बजावणी झाली नव्हती किंवा सबळ कारणामुळे हजर राहता आलं नाही, हे पटवून दिलं तर दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या ऑर्डर 9, नियम 13 खाली तेच न्यायालय हुकूमनामा रद्द करतं.

आधी तारीख पक्की करा. रद्द करण्याच्या अर्जाची मुदत 30 दिवसांची असते. ती एरवी हुकूमनाम्यापासून मोजतात, पण समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हुकूमनामा तुम्हाला समजला त्या दिवसापासून. म्हणून ज्या लखोट्यातून बातमी कळली तो जपून ठेवा, त्यावरचा टपालाचा शिक्का हा तुमचा पुरावा आहे. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा आणि उशिराचं कारण तारीखवार लिहा. ‘वकिलांनी कळवलं नाही’ एवढ्या एका ओळीवर विसंबू नका.

मग नकलेचा अर्ज देऊन दाव्याची प्रत, रोजनामा (तारखांना काय घडलं याची न्यायालयातली नोंद), हुकूमनामा आणि समन्सवरचा बेलिफाचा अहवाल मिळवा. या अहवालावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेकदा प्रकरण तिथंच फिरतं. पत्ता तुमचाच आहे का? समन्स घरातल्या कुणी घेतलं असेल तर ती व्यक्ती सज्ञान आणि तुमच्यासोबत राहणारी हवी. घरगड्याला दिलेलं समन्स चालत नाही. दाराला डकवलं असेल तर का डकवलं, घर कुणी दाखवलं, कुणासमोर डकवलं, हे अहवालात यायला हवं. ‘घर बंद, सबब डकवले’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तुमचा शोध घेतलाच नाही हा मुद्दा ठामपणे मांडा. त्या काळात तुम्ही दुसरीकडे होता याचे पुरावे, म्हणजे भाडेकरार, हजेरीपट, दवाखान्याचे कागद, शपथपत्राला जोडा. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा: तारीख तुम्हाला माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळही होता, तर बजावणीतल्या नुसत्या त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही.

दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई, सुरू असेल तर स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्या. रद्द करण्याचा अर्ज दिला म्हणून जप्ती आपोआप थांबत नाही, आणि इथंच लोक गाफील राहतात. न्यायालय खर्च भरायला किंवा काही रक्कम जमा करायला सांगू शकतं.

याच संहितेच्या कलम 96(2) खाली हुकूमनाम्यावर अपीलही करता येतं. पण त्या अपिलाचा निकाल लागला, की नियम 13 चा अर्ज टिकत नाही. अपील तुम्ही स्वतः मागे घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. समन्स मिळालं नाही हीच तक्रार असेल तर आधी अर्ज करावा, असं माझं मत आहे. मात्र अपिलाची मुदत वेगळी धावत असते, ती वकिलांकडून त्याच बैठकीत तपासून घ्या. अर्ज फेटाळला तर ऑर्डर 43 खाली त्या आदेशावर अपील होतं.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांच्याकडून कैफियतीचा (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचा) मसुदाही आत्ताच करून घ्या, म्हणजे हुकूमनामा रद्द झाला की पुढच्या तारखेलाच ती दाखल करता येईल.