लाइट रेलवर भांडायच्या आधी या चुका टाळा

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय हमखास पेटतात: प्रॉपर्टी टॅक्स आणि ट्रेन. एक पक्ष म्हणतो, "इथे सगळ्यांकडे दोन-दोन गाड्या, ट्रेनमध्ये बसणार कोण?" दुसरा म्हणतो, "ट्रेन वाढवली असती तर हे ट्रॅफिक झालंच नसतं." मी दोन्ही बाजूंनी भांडून झालोय, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

डार्ट म्हणजे डॅलस आणि आसपासच्या सभासद शहरांची मिळून चालणारी वाहतूक संस्था. तिची लाइट रेल, म्हणजे लोकलपेक्षा छोटी, विजेवर चालणारी ट्रेन, १९९६ साली सुरू झाली. आज तिचे रूळ सुमारे १५० किलोमीटर भरतात, म्हणजे लांबीत ती अमेरिकेतल्या अगदी वरच्या जाळ्यांपैकी एक. तरीही २०२५ च्या नोव्हेंबरात प्लेनो, अर्व्हिंग अशा काही सभासद शहरांच्या कौन्सिलनी डार्टमध्ये राहायचं की नाही यावर मतदान घ्यायचं ठरवलं. इतके रूळ टाकूनही भांडण मिटत नाही, तेव्हा गडबड रुळांच्या लांबीत नसावी.

चूक पहिली: लोकलच्या चष्म्यातून बघणं

माझे सासरे डोंबिवलीचे. सहा महिन्यांसाठी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मला स्टेशन दाखव." नेलं. गाडीतून उतरून त्यांनी चारही बाजूंना नजर फिरवली: पार्किंग, पार्किंग, सहा लेनचा रस्ता आणि पलीकडे एक टायरचं दुकान. "अहो, स्टेशन कुठाय?" आम्ही स्टेशनातच उभे होतो.

डोंबिवलीत रेल्वे आधी आली आणि गाव तिच्याभोवती वाढलं. पाच मिनिटांच्या चालीत भाजी, डॉक्टर, पोळीभाजी केंद्र, सगळं. डॅलसमध्ये हायवे आणि घरं आधी, ट्रेन नंतर. म्हणून "मुंबईत चालते मग इथे का नाही" आणि "हे काय मुंबई आहे का" ही दोन्ही वाक्यं चर्चेतून बाद करा. तुलना करायचीच तर आपल्यासारख्याच पसरलेल्या शहरांशी करा.

चूक दुसरी: घरं मोजणं

सगळ्यात मोठी चूक ही. आपण म्हणतो, घरं इतकी लांब-लांब, लोक स्टेशनला पोचणार कसे? पण घराच्या टोकाला गाडी असतेच. सायकल असते, सोडायला बायको किंवा नवरा असतो. खरी पंचाईत दुसऱ्या टोकाला होते, कारण तिथे उतरल्यावर हातात काहीच नसतं. म्हणून घरं किती विखुरलेली आहेत यापेक्षा कामाच्या जागा किती एकवटल्या आहेत, ते आधी बघायचं.

ह्यूस्टन बघा. डॅलसहून कणभरही कमी पसरलेलं नाही. पण तिथली पहिली लाइन, २००४ च्या १ जानेवारीला सुरू झालेली, जेमतेम १२ किलोमीटरची होती. डाउनटाउन, म्युझियमचा भाग, टेक्सस मेडिकल सेंटर आणि स्टेडियम एका दोऱ्यात ओवलेले. मेडिकल सेंटरमध्ये एक लाखाहून जास्त माणसं काम करतात. वर रुग्ण, नातेवाईक, विद्यार्थी. पार्किंगला पैसे पडतात आणि उतरलं की दवाखान्याचं दार समोर. ही ट्रेन रस्त्यातूनच जाते, त्यामुळे सुरुवातीला गाड्यांशी टकरीही बऱ्याच झाल्या आणि लोकांनी तिची टिंगल केली. पण किलोमीटरमागे प्रवासी मोजले तर ह्यूस्टनची ट्रेन डॅलसच्या पुढे आहे.

आता प्लेनो. रेड लाइन हायवे ७५ च्या कडेने वर येते आणि पार्कर रोडला संपते. मोठी ऑफिसं, म्हणजे टोयोटाचं मुख्यालय आणि लेगसी वेस्ट या ऑफिस-दुकानांच्या भागाचा सगळा पसारा, टोलवेच्या (टोल घेणाऱ्या हायवेच्या) कडेला, तिथून दहा किलोमीटरहून जास्त पश्चिमेला. ट्रेन आहे, नोकऱ्याही आहेत, फक्त एकमेकींच्या वाटेत नाहीत.

हे घडतं ते स्वस्ताईपायी. डॅलसचे बरेच मार्ग जुन्या मालगाड्यांच्या पट्ट्यातून गेलेत. जागा सलग मिळते, कोणाचं घर पाडावं लागत नाही, सिग्नल कमी, गाडी वेगात धावते. पण मालगाडीचा पट्टा गोदामांसाठी आखलेला असतो, माणसांसाठी नाही. स्वस्तात रूळ मिळाले म्हणून ट्रेन टाकणं म्हणजे चप्पल स्वस्त मिळाली म्हणून दोन नंबर लहान घेण्यासारखं.

चूक तिसरी: "पार्किंग वाढवा, लोक येतील"

थोडं गणित करू. एका गाडीला, आतबाहेर करायची वाट धरून, साधारण ३० चौरस मीटर जागा लागते. पाचशे गाड्यांना १५,००० चौरस मीटर, म्हणजे पावणेचार एकर. बहुतेक गाड्यांत एकटाच माणूस, तेव्हा एवढ्या जागेतून प्रवासी मिळतात पाच-सहाशे. दोन-चार फेऱ्यांत संपले. आणि ही पावणेचार एकर जागा नेमकी फलाटाला लागून, जिथे चारशे घरांची इमारत उभी राहिली असती.

स्टेशनपासून ८०० मीटर, म्हणजे दहा मिनिटांची चाल. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ दोन चौरस किलोमीटरचं होतं. त्यातून हायवे वजा करा, पार्किंग वजा करा, कुंपणाच्या भिंतीमागे पाठ करून बसलेली सबडिव्हिजन, म्हणजे घरांच्या वसाहती, वजा करा. उरतं काय, ते आपापल्या स्टेशनच्या नकाशावर रेघा मारून बघा. जुलैत चाळीस अंशांत, झाडाची सावली नसलेल्या फुटपाथवरून हीच दहा मिनिटं वीस वाटतात, हे वेगळंच.

याउलट कॅनडातलं कॅल्गरी. तेलाचं शहर, ऐसपैस घरं, गाड्यांचा सुकाळ, वर कडाक्याची थंडी. तिथली सी-ट्रेन १९८१ ची, आणि उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत भरलेल्या लाइट रेलमध्ये तिची गणना होते. पार्क-अँड-राइड, म्हणजे स्टेशनला गाडी लावून ट्रेन पकडायची सोय, तिथेही आहे. पण शहराने हायवे डाउनटाउनच्या पोटात घुसवले नाहीत, डाउनटाउनमधलं पार्किंग मर्यादित ठेवलं, त्यामुळे ते महाग झालं, आणि वस्त्यांतून स्टेशनपर्यंत बस आणल्या. लोक ट्रेनच्या प्रेमात पडले म्हणून नाही, पार्किंगचे पैसे मोजून कंटाळले म्हणून बसले.

चूक चौथी: ट्रॅफिक कमी होईल असं वचन देणं

होणार नाही. शंभर जण ट्रेनमध्ये गेले की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे शंभर जण येतात. हायवे रुंद केला तरी हेच होतं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे फ्रंटेज रोड (हायवेच्या कडेचे समांतर रस्ते) धरून काही ठिकाणी २६ लेनचा झाला, आणि काही वर्षांत तिथे पुन्हा तुंबायला लागलं. ट्रेन काय देते, तर तुंबलेल्या रस्त्याला पर्याय. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना तर ती आधीच हवी असते. माझ्या सासऱ्यांसारख्यांना.

चूक पाचवी: पैशाचा हिशेब न बघता फ्रिस्कोला ट्रेन मागणं

टेक्ससमध्ये विक्रीकर ८.२५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. राज्याचे ६.२५ गेले की शहराच्या हातात दोन टक्के. डार्टचा सभासद व्हायचं तर त्यातला एक टक्का द्यावा लागतो. प्लेनोच्या उत्तरेला असलेल्या फ्रिस्को शहराने तो टक्का आपल्या दोन विकास महामंडळांना अर्धा-अर्धा वाटून दिलाय. तो परत काढणं म्हणजे लग्नात दिलेला आहेर मागणं. शहरवाढीच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा होता असंही मला म्हणवत नाही. पण मग "आमच्याकडे ट्रेन का नाही" ही तक्रार नगरपालिकेच्या बैठकीत करायची, डार्टच्या नावाने खडे फोडून उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर नवीन रूळ सध्या पुरेत. आहेत त्या ट्रेन दर दहा मिनिटांनी सोडा, कारण वीस मिनिटांच्या ट्रेनला दुसरी वीस मिनिटांची बस जोडली की माणूस गाडीची किल्ली उचलतो. ह्यूस्टनने २०१५ मध्ये बसचं अख्खं जाळं उलथून मुख्य रस्त्यांवर वारंवार बस लावल्या, तसं इथेही करता येईल. आणि स्टेशनांभोवती घरं बांधा. २०२५ च्या कायद्याने टेक्ससच्या मोठ्या शहरांत व्यापारी जागेवर अपार्टमेंट बांधायला झोनिंग, म्हणजे जागा कशासाठी वापरायची याचा शहराचा नियम, बदलावं लागत नाही, म्हणजे त्या टायरच्या दुकानाच्या जागीसुद्धा अपार्टमेंटची इमारत होऊ शकते. खाली पोळीभाजी केंद्र निघालं तर सासऱ्यांना पुन्हा बोलावीन.