घरचं राज्य सगळ्यात शेवटी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घर अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, नेपरव्हिलला. काम मात्र तेरा-तेरा आठवड्यांच्या काँट्रॅक्टवर, एजन्सी पाठवेल तिथे. २०२३ साली सॅक्रामेंटो (कॅलिफोर्निया), बफेलो (न्यूयॉर्क) आणि मिलवॉकी (विस्कॉन्सिन) अशी तीन गावं झाली, म्हणजे घर धरून चार राज्यं. त्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नमध्ये माझं चुकलं आणि व्याजासकट पैसे भरावे लागले. म्हणून कुणी फिरतीच्या कामाला निघालं की मी आधी रिटर्न करण्याचा क्रम सांगते.

पहिल्यांदा फेडरल १०४०, म्हणजे केंद्र सरकारचा रिटर्न, तयार करा, पण पाठवू नका. मग जिथे जिथे काम केलं त्या राज्यांचे नॉन-रेसिडेंट (तिथे न राहणाऱ्यांसाठीचे) रिटर्न करा: कॅलिफोर्नियाचा ५४०एनआर, न्यूयॉर्कचा आयटी-२०३. घरच्या राज्याचा रिटर्न सगळ्यात शेवटी.

कारण असं. कामाचं राज्य फक्त तिथे मिळवलेल्या पगारावर टॅक्स घेतं. घरचं राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर घेतं, ते कुठेही मिळवलेलं असो. एकाच पगारावर दोनदा टॅक्स बसू नये म्हणून घरचं राज्य क्रेडिट देतं, म्हणजे बाहेर भरलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा करतं; इलिनॉयमध्ये ते शेड्यूल सीआर या फॉर्मवर मागायचं. त्या क्रेडिटचा आकडा बाहेरच्या राज्याचा रिटर्न पुरा झाल्याशिवाय मिळतच नाही.

माझी चूक इथेच झाली. समजा, कॅलिफोर्नियात २४,००० डॉलर मिळाले आणि पगारातून १,५०० कापले गेले. रिटर्न केल्यावर तिथला खरा टॅक्स निघाला १,०५०, म्हणजे ४५० परत येणार. क्रेडिट १,०५० चंच मिळतं. मी कापलेली रक्कम लिहिली होती. इलिनॉयचा दर ४.९५ टक्के, म्हणजे त्याच पगारावर तिथले ढोबळमानाने १,१८८ होतात. त्यातून १,०५० वजा केले की उरलेले १३८ इलिनॉयला द्यायचे. बाहेरचा टॅक्स घरच्यापेक्षा जास्त असेल, तर जास्तीचा भाग घरचं राज्य भरून देत नाही.

या क्रमाला एक अपवाद आहे. ओरेगन, ॲरिझोना किंवा व्हर्जिनियाचे रहिवासी कॅलिफोर्नियात काम करतात तेव्हा क्रेडिट कॅलिफोर्निया देतं, नॉन-रेसिडेंट रिटर्नवर. त्यांनी घरचा रिटर्न आधी करावा.

मिलवॉकीची गोष्ट वेगळी. इलिनॉयचा विस्कॉन्सिन, आयोवा, केंटकी आणि मिशिगनशी करार आहे: पगारावरचा टॅक्स फक्त घरच्या राज्याला. पण त्यासाठी विस्कॉन्सिनमध्ये कामाला लागतानाच डब्ल्यू-२२० हा फॉर्म एजन्सीला द्यावा लागतो. मला ते कुणी सांगितलं नाही आणि तेरा आठवडे विस्कॉन्सिनचा टॅक्स कापला गेला. ते पैसे शेड्यूल सीआरवर मागता येत नाहीत. विस्कॉन्सिनचा १एनपीआर हा नॉन-रेसिडेंट रिटर्न भरून परत मागावे लागतात, आणि तोवर त्या पगारावरचा इलिनॉयचा टॅक्स एप्रिलमध्ये खिशातून जातो. काँट्रॅक्टवर सही करताना हे विचाराच.

आता डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा एजन्सीचा फॉर्म. रकाना १५ मध्ये राज्य, १६ मध्ये तिथला पगार, १७ मध्ये कापलेला टॅक्स. हे आकडे खरेच असतील असं गृहीत धरू नका. माझे बफेलोचे पहिले दोन आठवडे कॅलिफोर्नियाच्या नावावर पडले होते. कोणत्या तारखेला कुठल्या क्लिनिकमध्ये होते याची वही होती म्हणून एजन्सीकडून दुरुस्त केलेला डब्ल्यू-टू मागता आला. त्या वहीत पे-स्टब (पगाराच्या पावत्या) आणि प्रवासाची तिकिटंही ठेवते.

टेक्सास, फ्लोरिडा, नेवाडा, टेनेसी ही राज्यं पगारावर टॅक्स घेत नाहीत. तिथे काम केलं तर त्या राज्याचा रिटर्न नाही, पण तो पगार घरच्या राज्याच्या रिटर्नमध्ये येतोच, आणि क्रेडिट मात्र काहीच नसतं. एजन्सी त्यासाठी पैसे कापत नसेल, तर आधीपासून बाजूला ठेवा.

राहण्या-जेवण्याच्या भत्त्याबद्दल मी फार सावध असते. तो करमुक्त राहायचा तर घर खरंच चालू असावं लागतं: भाडं किंवा हप्ता तुम्ही भरताय, गाडीचं लायसन्स आणि मतदान तिथलं, मधूनमधून परत जाताय, आणि एका ठिकाणचं काम एक वर्षापेक्षा जास्त चालेल अशी अपेक्षा नाही. घर सोडून सामान गाडीत टाकून फिरत राहिलात, तर तो भत्ता पगारच धरला जातो.

सगळे आकडे एकमेकांशी जुळले की फेडरल आणि राज्यांचे रिटर्न एकदम पाठवा. बहुतेक राज्यांची मुदत १५ एप्रिल. व्हर्जिनियाची १ मे. बाहेरच्या राज्यांच्या पुऱ्या रिटर्नच्या प्रती जपून ठेवा. क्रेडिटबद्दल विचारणा झाली की त्याच मागतात.