टाकीत हीटर बसवताय? आधी स्टार की डेल्टा ते बघा
कुपवाड एमआयडीसीत काय किंवा मिरजेकडच्या डेअरीत काय, थ्री फेज इमर्शन हीटर जोडताना सगळ्यात आधी एलिमेंटवरचा व्होल्टेज वाचा. २३० व्होल्टचे ३ एलिमेंट असतील तर स्टारमध्येच (तिन्हीचं एकेक टोक एकत्र) जोडायचे, डेल्टात (टोकाला टोक, त्रिकोणासारखं) जोडले की प्रत्येकावर ४१५ व्होल्ट येतात, वॅटेज तिपटीच्या वर जातं आणि हीटर जळतोच. ९ किलोवॅटला फेजमागं साधारण साडेबारा अँपिअर, केबल आणि एमसीबी त्या हिशोबानं घ्या. थर्मोस्टॅटमधनं थेट लोड नको, त्यानं फक्त काँटॅक्टरची, म्हणजे मोठा लोड चालू-बंद करणाऱ्या स्विचची, कॉइल चालवायची.

हीटर बरेच दिवस पडून असेल तर एलिमेंटमधली इन्सुलेशनची पावडर ओल धरते, म्हणून सप्लाय देण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं मीटर) चेक करा, रीडिंग १ मेगओमच्या खाली आलं तर आधी सुकवा. टाकी आणि हीटरची बॉडी दोन्हीला अर्थिंग पाहिजेच, शिवाय ईएलसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच), ह्यात काटकसर अजिबात करू नका कारण त्या पाण्याला माणसं हात लावतात. फ्लोट स्विच असा लावा की पाणी एलिमेंटच्या खाली जायच्या आधीच सप्लाय कट होईल. टर्मिनल बॉक्समध्ये साधी पीव्हीसी वायर वितळते हो, सिलिकॉनची घाला. आणि बोअरचं पाणी असेल तर एलिमेंटवरचा क्षार अधनंमधनं काढत जा, मेन स्विच बंद करूनच.