स्वस्तातला क्लायंबर घ्यायचाय? आधी झाडं मोजा

शिकारीसाठी झाडावर चढायचं मचाण, म्हणजे क्लायंबर, कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलटाच प्रश्न करते: तुमच्या रानात झाडं कसली आहेत? बहुतेकांना सांगता येत नाही. पैसे वाया जायला सुरुवात होते ती तिथूनच.

मी मिशिगनच्या दक्षिण भागात राहते आणि गेली आठ वर्षं धनुष्यबाणाने हरणाची शिकार करते, बहुतेक वेळा वॉटर्लूच्या सरकारी रानात. भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगते की आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येत हरीण मारता येतं. बाणांचा मुख्य हंगाम 1 ऑक्टोबर ते 14 नोव्हेंबर. त्यात घरात आणलेल्या हरणाच्या मटणावर आमचा अर्धा हिवाळा निघतो, म्हणून हे सगळं मी मनापासून करते.

क्लायंबर म्हणजे खोडावर आपल्यासोबत चढत जाणारं मचाण. त्याचे दोन भाग असतात. वर बसायची चौकट, खाली पाय ठेवायचा प्लॅटफॉर्म. दोन्हींची केबल किंवा पट्टा खोडाला वेढा घालतो. वर बसायचं, पायांनी खालचा भाग ओढून घ्यायचा, त्यावर उभं राहायचं, वरचा भाग हाताने सरकवायचा, पुन्हा बसायचं. सुरवंट चालतो ना, अगदी तसं. सरकारी जमिनीवर खोडात खिळे किंवा स्क्रू मारायला इथे मनाई आहे, त्यामुळे सालीला फक्त बाहेरून पकडणारा आणि संध्याकाळी पाठीवर टाकून परत आणता येणारा क्लायंबर फार सोयीचा पडतो. मात्र त्यावर तुमचं नाव-पत्ता किंवा लायसन्सचा नंबर खालून वाचता येईल असा हवा. दर वर्षीची नियमपुस्तिका उघडून बघत जा, नियम बदलतात.

आता झाडं. बहुतेक क्लायंबर 8 ते 20 इंच व्यासाच्या खोडाला बसतात, काही स्वस्तातले 18 इंचांपर्यंतच. खोडाचा व्यास उभ्याने कळत नाही, म्हणून घेर मोजायचा. 8 इंच व्यास म्हणजे साधारण 25 इंच घेर, 20 इंच व्यास म्हणजे 63. मी पहिल्या वर्षी शिवणाची टेप खिशात घालून मार्च महिन्यात हिंडले. पानं नव्हती, हरणांच्या वाटा स्पष्ट दिसत होत्या. वाटेपासून 20 यार्डांच्या आत असलेल्या एकतीस झाडांना टेप लावली. जमिनीपासून 18 फुटांपर्यंत सरळ, फांदी नसलेली आणि मापात बसणारी निघाली फक्त सात! ओक बरेच होते, पण वॉटर्लूतले ओक कमरेच्या थोडं वर गेले की फुटतात. असं तुमच्याकडेही निघालं, सगळीकडे खालपासून फांद्या असल्या, तर क्लायंबर घेऊच नका. त्याच पैशात पट्ट्याने खोडाला बांधायच्या पायऱ्यांच्या काठ्या आणि टांगायचं मचाण घ्या.

साल बघायला विसरू नका. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्रे सुटल्यासारखी लोंबत असते, पकड त्या पापुद्र्यालाच बसते. ॲस्पेनची साल गुळगुळीत, ओली झाली की साबण. रेड पाइनच्या लागवडीत खांबासारखी सरळ झाडं मिळतात, पण राळेने केबल चिकट होते आणि आडोसा काही नसतो. आणि ॲश! एके काळी क्लायंबरसाठी याच्यासारखं झाड नव्हतं असं जुने शिकारी सांगतात. 2002 मध्ये डेट्रॉइटच्या आसपास एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगेरा सापडला आणि त्यानंतर या भागातले ॲश उभ्याउभ्या वाळले. लांबून सरळसोट, मोहात पाडणारं खोड दिसतं. जवळ जाऊन सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक छिद्रं शोधा. दिसली तर त्या झाडाला हातही लावू नका. मेलेलं झाड कधी मोडेल याचा नेम नसतो, मग मचाण कितीही महागाचं असो.

झाडं ठरली की वजनाकडे या. ॲल्युमिनियमचा क्लायंबर साधारण 20 पौंडांचा, स्टीलचा 30 च्या आसपास. किमतीतला मोठा फरक याच दहा पौंडांचा असतो. स्टील कमी मजबूत नसतं, ते फक्त पाठीवर जास्त बसतं. गाडीपासून झाड तीनचारशे यार्डांवर असेल तर स्टील घ्या आणि उरलेले पैसे हार्नेसवर, म्हणजे पडताना धरून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांवर घाला. मी पाऊण मैल चालते, माझं स्वतःचं वजन 128 पौंड आहे, आणि धनुष्य, कपडे, पिशवी धरून आणखी वीसेक पौंड असतातच. स्टीलचा उसना घेऊन एकदा गेले. झाडापाशी पोचेपर्यंत आतले कपडे घामाने भिजले, आणि ऑक्टोबरच्या थंडीत तासाभरात दातावर दात वाजायला लागले. हलू नये तिथे मी थरथरत होते. तेव्हा जुना ॲल्युमिनियमचा शोधला. नवा मला परवडत नव्हता. खांद्याचे पट्टे कंपनीचे असतात ते बहुधा पातळ असतात. मी फाटक्या ट्रेकिंग सॅकचे पट्टे काढून त्याला लावले, एक पैसा न घालता निम्मं ओझं हलकं वाटलं.

धनुष्यवाल्यांनी एक गोष्ट दुकानातच पक्की करून घ्यावी. पुष्कळ क्लायंबरना पुढे आडवा दांडा असतो. बंदूकवाल्याला तो टेकू म्हणून बरा, पण बसून धनुष्य ताणलं की खालची चाकी त्याच दांड्यावर आपटते. कंपाउंड बो, म्हणजे दोन्ही टोकांना चाक्या असलेलं धनुष्य, मुठीच्या खाली दीडेक फूट उतरतं, हे लक्षात ठेवा. पुढून उघडा असलेला किंवा दांडा मागे फिरवता येणारा घ्या. दुकानात मचाण जमिनीवर ठेवून त्यात बसा, हात धनुष्य धरल्यासारखा पुढे करा, डावीकडून उजवीकडे फिरा. बुटक्या माणसाने आणखी एक बघावं: पाय प्लॅटफॉर्मच्या पट्ट्यांत नीट अडकतात का. माझे बूट लहान, एका मॉडेलमध्ये ते सारखे निसटायचे. ते बाकी सगळ्या बाबतीत छान होतं तरी मी सोडून दिलं.

बसायला गादी आहे की जाळी, बाटली ठेवायला कप्पा आहे का, रंग कोणत्या जंगलाचा, यावर एक डॉलरही जास्त घालू नका. गादी घरची चालते.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगते. मचाणावर टीएमएचं, म्हणजे ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं प्रमाणपत्र आहे का बघा. किती वजन झेपतं तो आकडा वाचा. तो बहुधा 300 पौंड असतो, आणि त्यात तुमच्यासकट कपडे, बूट, धनुष्य, पिशवी सगळं आलं. सोबत पूर्ण अंगाचा हार्नेस मिळतो, पण तो साधा असतो. बकला अंधारात सुटसुटीत लागत नसतील तर वेगळा घ्या. मचाणात वाचवलेले शंभर डॉलर इथे लागले तर ते लागूच द्या.

जुना घेणं हाच खरा स्वस्ताचा रस्ता. माझा 140 डॉलरला मिळाला, नव्याच्या निम्म्याहून कमी. बाणांचा उशिराचा हंगाम 1 जानेवारीला संपतो, त्यानंतरचे दोन महिने लोक गॅरेज रिकामं करत असतात, तेव्हा बघा. विकणाऱ्याच्या दारात घाई करू नका. केबलवरचं प्लास्टिक बोटाने पूर्ण लांबी चाचपा. कुठे फुगलंय, तडकलंय किंवा गंजाचा तपकिरी ओघळ आलाय तिथे आतली तार गंजलेली असू शकते. वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावर टॉर्च तिरका धरा, केसासारखी रेघ दिसली की नमस्कार करून निघा. केबल चौकटीला अडकवणाऱ्या पिना मूळच्या आहेत का विचारा. घरचा खिळा किंवा हार्डवेअरचा बोल्ट घातलेला दिसला तर कंपनीचा सुटा भाग मिळतो का ते आधी शोधा. मॉडेलचं नाव ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाच्या, म्हणजे सीपीएससीच्या यादीत टाकून ते परत मागवलंय का तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. जुन्यासोबत कुणी हार्नेस फुकट देत असेल तर घेऊ नका. उन्हाने कापड आतून मरतं, बाहेरून ते चांगलंच दिसतं. हार्नेस कोऱ्या पाकिटातलाच असावा, आणि त्यावरची मुदत संपली की तो कापून टाकायचा.

आवाजाचं मी घरी पाहिलं. मागच्या अंगणातल्या मेपलवर दोन फूट चढले, लेकीला 20 यार्डांवर डोळे मिटून बसवलं. आवाज आला की हात वर करायचा, असं ठरलं. पहिल्या खेपेला हात चौदा वेळा वर गेला. "आई, आत्ता टण्ण झालं," "आई, साखळीसारखं काहीतरी वाजलं." दोन भाग एकमेकांना लागतात तिथे, पिनांच्या डोक्यांवर आणि बकलांवर हॉकी स्टिकला गुंडाळतात ती कापडी टेप गुंडाळली. दुसऱ्या खेपेला हात तीनदा वर गेला. केबल किंवा चौकटीचे दात जिथे सालीला टेकतात तिथे मात्र टेप लावायची नाही, पकड जाते. हाच सराव अंधारात, हातमोजे घालून, दिवा न लावता करा. पिना चाचपून बसवता येईपर्यंत रानात जायचं नाही.

झाडाशी पोचल्यावर प्लॅटफॉर्मचं पुढचं टोक मुद्दाम वर उचललेलं ठेवून केबल लावा. खोड वर जाताना बारीक होतं, केबलची लांबी तीच राहते, त्यामुळे जसजसं चढाल तसतसं टोक खाली झुकतं. जमिनीवर सपाट लावलंत तर वर घसरगुंडी होते, आणि केबल वर बसून बदलणं फार धोक्याचं. मी 18 फुटांच्या वर जात नाही. 20 फुटांवरून 20 यार्डांवरचं हरीण सरळ रेषेत 21 यार्डांवर असतं, तिथे फारसा फरक पडत नाही. पण ते 7 यार्डांवर आलं की बाण 45 अंशांत खाली जातो आणि एकाच फुप्फुसाला लागण्याची भीती असते. जखमी हरीण रात्रभर शोधावं लागणं मला सोसत नाही.

हार्नेसचा दोर जमिनीवरच खोडाला बांधायचा आणि चढताना डोक्याच्या वर सरकवत न्यायचा, परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत सोडायचा नाही. धनुष्य खाली दोराला बांधून ठेवायचं, बाणांची पाती झाकलेली, आणि वर स्थिर झाल्यावर ओढून घ्यायचं. वरचा आणि खालचा भाग एकमेकांना जोडणारी दोरी असते, ती पहिल्या पावलाआधी बांधायची. माझी ती एकदा राहिली. दुसऱ्या वर्षीची गोष्ट, ऑक्टोबर संपत आलेला, रिमझिम होऊन गेली होती, बोटं बधिर झाली होती, आणि मी ॲस्पेन निवडला होता. बारा फुटांवर पाय उचलताना प्लॅटफॉर्म बुटांतून सुटला आणि सालीवरून खरडत खाली गेला. तो आवाज अजून कानात आहे. मी वरच्या चौकटीत बसलेली, पाय अधांतरी, हार्नेसचा दोर मात्र डोक्यावर ताठ. फोन छातीच्या खिशात होता म्हणून बरं. आमचे शेजारी, सत्तरीतले जुने शिकारी, यांना मी कुठल्या झाडावर असणार हे सकाळीच सांगून ठेवलं होतं. ते पन्नास मिनिटांत काठ्या घेऊन आले, खोडाला एकावर एक पट्ट्यांनी बांधत वर आले आणि माझा पाय स्वतःच्या हाताने पहिल्या पायरीवर ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. घरी सोडताना फक्त म्हणाले, दोरीला लाल फीत बांध. ती फीत आजही आहे.

हार्नेसमध्ये लटकून राहायची वेळ आली तर पाय लोंबते ठेवू नका. मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात आणि थोड्या वेळात जिवावर बेतू शकतं. त्यासाठी पाय ठेवायचा पट्ट्याचा एक फास हार्नेससोबत येतो, तो खालच्या खिशात नको, हाताला येईल असा वर अडकवा. एकदा घरी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सोबत कुणीतरी असताना लटकून तो लावून बघा.

हंगाम संपला की मचाण पुसून, पट्टे पूर्ण वाळवून घरात टांगा. गॅरेजच्या जमिनीवर ठेवलंत तर उंदीर पट्टे कुरतडतात, आणि कुरतडलेली शिवण घडीत दिसत नाही. मी सप्टेंबरमध्ये सगळे पट्टे उलगडून खिडकीच्या उजेडात एकेक टाका बघते, मगच मेपलवर सराव सुरू करते.